उंबरा, उतार आणि नवतपा : वर्ध्यातल्या घराच्या कामाची डायरी

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली. डायरी उघडल्याशिवाय काम सुरू झालं असं अजूनही वाटत नाही. म्हणून ही वही. काम घरचंच आहे.

१७ जानेवारीला पहाटे पाच वाजता माझी बायको बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून आत पडली. हाड मोडलं नाही, कपाळाला चार टाके पडले. दार आत उघडणारं, आणि ती दाराला लागूनच पडलेली. आत जायला मला ते दार तिच्याच अंगावर ढकलावं लागलं. तिला दहा वर्षांपासून एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हे मला माहीत होतं. दार आत उघडतं हेही माहीत होतं. या दोन गोष्टी मी कधी एकत्र धरून पाहिल्या नाहीत.

आज टेप घेऊन मापं घेतली. पलंगापासून बाथरूमपर्यंत ३४ फूट. माझी १४ पावलं, तिची ४१. वाटेत दोन उंबरे, खोलीचा दीड इंच आणि बाथरूमचा अडीच इंच. बाथरूमची फरशी पॅसेजपेक्षा ३ इंच खाली. दाराची मोकळी रुंदी २२ इंच, म्हणजे वॉकर तिरपा केल्याशिवाय जात नाही. बाहेर ओटा जमिनीपासून १४ इंच, दोन पायऱ्या, धरायला काही नाही.

मुदत गुढीपाडवा, ९ एप्रिल. वर्ध्याचं ऊन त्यानंतर कोणाचं ऐकत नाही, आणि ऊन हा तिचा सगळ्यात मोठा वैरी.

६ फेब्रुवारी

काल आलेल्या पाहुण्यांनी पुन्हा विचारलं, "म्हणजे लकवाच ना?" लकवा नाही. एकदा नीट लिहून ठेवतो.

आमच्या बोर धरणाच्या कालव्यावर असं व्हायचं की मुखाशी पूर्ण विसर्ग सोडला तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी पोचत नसे. पाणी कमी नसायचं, अस्तरीकरण जागोजाग फुटलेलं असायचं. हिच्या शरीरात तेच चाललंय. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवर मायलिन नावाचं अस्तर असतं. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच ते अस्तर कुरतडते. मेंदू पायाला "उचल" म्हणतो, ते पायापर्यंत अर्धंच पोचतं किंवा उशिरा पोचतं. सुरुवातीच्या वर्षांत झटका यायचा आणि उतरायचा, कारण शरीर थोडी डागडुजी करून घेतं. पुढे अस्तराबरोबर पाटाचा काठच ढासळायला लागतो. ती आता त्या टप्प्यावर आहे.

२०११ साली उजवा डोळा दुखून अंधुक झाला. लाल लुगडं विटकरी दिसतंय म्हणायची. दीड महिन्यात डोळा पूर्ववत झाला आणि आम्ही विसरलो. २०१४ मध्ये कंबरेखाली मुंग्या आल्या, त्या उतरेनात, तेव्हा एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि नाव कळलं. ती तेव्हा चाळीस वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नोकरी २०१९ पर्यंत रेटली. आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं झाली, आता दर सहा महिन्यांनी नागपूरला रिटुक्सिमॅबचं सलाइन.

नागपूरचे डॉक्टर शून्य ते दहा अशी एक मोजपट्टी वापरतात. सहा म्हणजे एका काठीच्या आधारानं शंभर मीटर चालणं. साडेसहा म्हणजे दोन्ही बाजूंना आधार घेऊन, न थांबता वीस मीटर. मागच्या वेळी त्यांनी साडेसहा लिहिलं. मी मानेनं होकार दिला आणि कागद फाइलला लावला.

आज रात्री गणित केलं. पलंग ते बाथरूम ३४ फूट, परत येताना ३४. अडुसष्ट फूट म्हणजे वीस मीटर आणि वर थोडं. बाथरूमच्या एका फेरीत तिची मोजपट्टी संपते. ही फेरी ती दिवसातून सहा-सात वेळा करते आणि मधल्या वेळेत स्वयंपाकघरातही उभी राहते. मी हे तीन वर्षं रोज पाहतो आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

नकाशा काढला. दार रुंद करणं, फरशी वर घेणं, पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींना ३४ फूट दांडा. तिच्यापुढे ठेवला. चष्मा लावून तिनं बराच वेळ पाहिला.

"अहो, दांडा कशाला एवढा? पलंगच हलवा ना."

आईची खोली बाथरूमला लागून आहे. तिथून अंतर ११ फूट. आठ दिवस मी बांधकामाचा हिशेब करत होतो आणि हे सुचलं नाही, कारण खोल्या म्हणजे माणसांच्या जागा, त्या हलत नाहीत, असं डोक्यात पक्कं बसलेलं. आईला विचारायचं कसं, हा प्रश्न होता. आई ८२ वर्षांची, चाळीस वर्षं त्याच खोलीत. मी शब्द जुळवत बसलो. दुपारी पाहतो तर आई आपली पेटी फरशीवरून ओढत पॅसेजमध्ये आलेली. "तिले जवळ पाह्यजे ते. मले दोन पावलं जास्त झाली तर काय होते?" एवढंच बोलली.

मग हिनं मला समोर बसवून तिची यादी सांगितली. मी तिच्यासाठी काय काय करायचं याची यादी नव्हती ती. तिला स्वतःला काय करायचं आहे ते होतं. पहिलं, सकाळची आंघोळ एकटीनं, दार लावून. दुसरं, फोडणी स्वतः द्यायची. भाजी कोणीही चिरावी. तिसरं, शेजारची तीन मुलं पाढे आणि शुद्धलेखनाला येतात ती शिकवणी बंद होणार नाही. चौथं, दारातली रांगोळी.

"माझी ताकद बाथरूमच्या वाटेवर सांडायची नाही मला," म्हणाली.

नकाशा फाडला नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर नवीन काढला.

१९ फेब्रुवारी

मिस्त्री आला. जुना माणूस, आमच्या गेस्टहाऊसच्या कामावरचा. बाथरूमची चौकट काढली. नवीन दार मोकळं ३२ इंच, बाहेर उघडणारं. उंबरा काढून फरशी पॅसेजला समतल घ्यायची म्हटल्यावर तो थांबला.

"साहेब, उंबरा काढला त पानी खोलीत येईन न जी."

बरोबर होतं त्याचं. उंबरा अडखळवायला नसतो, पाणी अडवायला असतो. तोड अशी काढली : दाराच्या रेषेत चार इंच रुंदीची आडवी नाली, वर स्टीलची जाळी, आणि आतली फरशी दारापासून कोपऱ्यातल्या जाळीकडे उतरती. दर फुटाला पाव इंच उतार पुरतो. त्याहून जास्त केला तर स्टुलाचे पाय डुगडुगतात.

पुढच्या दाराचा उंबरा मात्र वेगळा. तोही काढू म्हटलं तेव्हा आई पहिल्यांदा रागावली. "उंबऱ्याबिना घर असते का? लक्ष्मी कुठून येईन?" मी समजावायला लागलो तर हीच म्हणाली, राहू द्या. सून म्हणून या घरात आले ती हा उंबरा ओलांडून, माप लवंडून. रोजचं हळदकुंकू त्याच्यावर वाहिलं. तो काढायचा नाही, दोन्ही बाजूंनी चढता-उतरता ठोकळा लावा.

सागाच्या दोन पाचरी सुताराकडे टाकल्या आहेत. उंबरा मधे दिसत राहील.

२७ फेब्रुवारी

आजचा दिवस भिंतीवरच्या दांड्यांचा. याची नोंद सविस्तर करतो, कारण चूक इथेच झाली असती.

माझ्याकडे छापील मापं होती. कमोडच्या बाजूच्या भिंतीला आडवा दांडा, जमिनीपासून ३० इंच. त्याप्रमाणे पेन्सिलनं रेघ मारली, ड्रिल हातात घेतलं. ती वॉकरवर दारात उभी होती. म्हणाली, थांबा, मला बसू द्या. झाकण टाकून बसली. मग आईला हाक मारून तुळशीच्या ओट्यासाठी आणलेला गेरू भिजवून मागवला. उजवा तळवा त्यात बुडवला आणि उठायला लागली. जिथे हात आपोआप गेला तिथे भिंतीवर टेकवला. पुन्हा बसली, पुन्हा उठली. तीन वेळा. शेवटच्या वेळी मांड्या थरथरत होत्या, पण मला जवळ येऊ दिलं नाही.

भिंतीवर तांबड्या तळव्यांचे सहा ठसे उमटले. खालचे २६ इंचांवर, कमोडच्या बरोबरीनं. वरचे ३८ इंचांवर आणि हातभर पुढे. कारण ती उठते तेव्हा सरळ वर जात नाही, आधी पुढे झुकते, मग वर येते. आडवा दांडा असता तर निम्म्या वाटेवर हाताला काही लागलंच नसतं. ठशांवरून तिरपी रेघ मारली, तीच दांड्याची जागा. आंघोळीच्या स्टुलाजवळ मी डाव्या भिंतीला खूण केली होती. तिची डावी बाजू कमजोर आहे. तीही खूण पुसून उजवीकडे घेतली.

संध्याकाळी वजन-चाचणी. ५० किलोचं सिमेंटचं पोतं दोरीनं दांड्याला टांगलं. अर्ध्या मिनिटात फास्टनर विटेचा तुकडा घेऊन बाहेर आला. भिंत साडेचार इंची, जुनी, चुन्यातली. उद्या आरपार बोल्ट, मागच्या बाजूनं लोखंडी पट्टी. हे ती धरून असताना झालं असतं, हा विचार आज झोपू देणार नाही.

२९ फेब्रुवारी

आरपार बोल्ट, १० मिलिमीटरचे, मागे पट्टी. पोतं रात्रभर टांगून ठेवलं. सकाळी दांडा जागच्या जागी. गेरूचे ठसे पुसायचे नाहीत असं आईचं म्हणणं, त्यामुळे मिस्त्रीनं त्यांच्या भोवतीनं टाइल लावली.

९ मार्च, शनिवार

काम बंद.

सकाळी तिला उभंच राहता येईना. पाय लाकडासारखे ताठ, गुडघा वाकेना. जीभ जड. मी घाबरलो. झटकाच आला असं वाटलं. नागपूरला निघायची तयारी केली, गाडी बोलावली, कारण २०२१ मध्ये असंच झालं तेव्हा एका दवाखान्यात लगेच पाच दिवस स्टेरॉइडचं सलाइन दिलं होतं. त्या पाच दिवसांत साखर वाढली, झोप गेली, तोंडात लोखंडाची चव, आणि पाय होते तसेच.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ताप आहे का? मी पाहिलाच नव्हता. थर्मामीटर लावला, १००.६. दुसरा प्रश्न, लघवीला जळजळ? तिला खालच्या भागाची जाणीव कमी आहे, जळजळ कळत नाही. लघवी तपासून आणा, मग बोलू, म्हणाले. संध्याकाळी रिपोर्ट आला, भरपूर संसर्ग. कल्चरला पाठवून गोळ्या सुरू केल्या. स्टेरॉइड नाही. जुन्या जखमा अंग तापलं की पुन्हा बोलायला लागतात. नवीन झटका नसतो, पण दिसतो तसाच. आणि आत संसर्ग असताना स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल.

हे मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलं : पाय अचानक गेले तर आधी ताप, मग लघवी, मग फोन.

१२ मार्च

ताप उतरला, पाय परत आले. काठी नाही, पण वॉकरवर खोलीभर.

आज रात्री तिला विचारलं, पाणी किती पितेस? तिनं टाळलं. पुन्हा विचारलं. "सकाळी एक पेला. दुपारी अर्धा." का? "तेवढ्या फेऱ्या वाचतात."

खूप वेळ काही बोलता आलं नाही. कालव्यावर गळती शोधताना आम्ही टेलपासून उलटं चालत मुखाकडे जायचो. तसाच हा माग निघाला. पाय गेले तापानं. ताप संसर्गानं. संसर्ग पाणी कमी प्यायल्यानं. पाणी कमी, कारण बाथरूम ३४ फुटांवर आणि वाटेत दोन उंबरे. या घराच्या नकाशानं माझ्या बायकोला तहानलेलं ठेवलं होतं, आणि २०२१ चं ते पाच दिवसांचं सलाइनही कदाचित याच नकाशाच्या खाती जमा होतं.

उद्यापासून लिटरची बाटली, त्यावर सकाळ-दुपार-संध्याकाळच्या रेघा. संध्याकाळी सहानंतर कमी, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. पलंग आजच आईच्या खोलीत हलवला, काम पुरं व्हायची वाट पाहिली नाही.

२५ मार्च, धुळवड

काम नाही. बाथरूमची फरशी पाणी मारून ठेवली आहे. टाइल खडबडीत घेतली. दुकानदार चकचकीत दाखवत होता, मी त्याच्या टाइलवर बाटलीतलं पाणी ओतून अनवाणी उभा राहिलो आणि नाही म्हटलं.

मुलगा पुण्याहून आलाय. आपल्या आईचा वॉकर बघून गप्प झाला. त्याला ड्रिल दिलं हातात.

२ एप्रिल

उतार झाला. नियम बारास एक : १४ इंचांच्या ओट्याला १४ फूट लांबी लागते. अंगण सरळ रेषेत नऊच फूट आहे. मिस्त्री म्हणाला, नऊ फुटातच बसवू, गाडी चढते. गाडी चढते, पण ही उतरताना काय होतं ते पाहायला तात्पुरती फळी टाकून करून पाहिलं. उतारावर पंज्यावर भार आला की तिचा घोटा आपोआप ठकठक उडायला लागतो, थांबवता येत नाही. दोन पावलांतच चेहरा पांढरा पडला. मग काटकोनात वळवला : सात फूट, मधे चार बाय चारचा सपाट टप्पा, पुन्हा सात फूट. पेरूचं झाड वाचलं, दुचाकीची जागा गेली.

आता कूलर. इथे थोडं थांबतो, कारण विदर्भात एमएस असलेल्या माणसासाठी कूलर ही औषधाच्या यादीतली वस्तू आहे. अस्तर गेलेली नस थंडाव्यात कसंबसं काम करते. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी संदेश वाटेतच मरतो. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० मध्येच लिहून ठेवलं होतं की असे रोगी श्रम केले की त्यांची नजर मंदावते. पुढे कळलं की खरं कारण उष्णता. एक काळ असा होता की निदानासाठी रोग्याला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत. हिला निदान व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात चुलत बहिणीच्या लग्नाच्या मांडवात दिसेनासं झालं होतं, आणि आम्ही ऊन लागलं म्हणून कांदा हुंगवत बसलो होतो.

तेव्हा : खिडकीतल्या कूलरला नवीन खसच्या ताट्या, समोरच्या भिंतीत वर झडप, नाहीतर हवा कोंडून ओल धरते. इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी. कूलर आणि एक पंखा मिळून कागदावर पाच तास. जुन्या खोलीतला एसीही इकडे आणला, कारण मृगात हवा दमट झाली की कूलर नुसता आवाज करतो. आंघोळीचं पाणी कोमट, त्याहून गरम नाही. हे तिला सगळ्यात कठीण गेलं. तिला कडकडीत पाण्याची सवय.

९ एप्रिल, गुढीपाडवा

काम ठरल्या दिवशी पुरं. गुढी मुलानं उभारली. हिनं टप्प्यावर खुर्चीत बसून, लांब चिमट्यात ओली चिंधी धरून गेरूची रेघ ओढली आणि पावडरचे ठिपके आईनं टाकले. हात कापतो म्हणून रेघ वाकडी आली. पुसू म्हटलं तर नको म्हणाली.

आंघोळ एकटीनं. दार लावून. मी पॅसेजमध्ये उभा होतो. आतून आवाज आला, "तुम्ही तिथेच उभे आहात ना? जा, चहा टाका."

२६ एप्रिल, मतदान

चाळीस टक्के आणि वर अपंगत्व असलेल्यांना यंदा लोकसभेला घरून मतदान करता येणार होतं, १२-ड नंबरचा अर्ज भरून. मी अर्ज आणला होता. तिनं भरला नाही. शिक्षिका असताना तिनं किती निवडणुकांची ड्यूटी केली, शाई लावली. तिला केंद्रावर जायचं होतं.

दोन दिवस आधीपासून त्याची तयारी. कालची शिकवणी बंद, फोडणी आईनं दिली, दुपारभर पडून राहिली. धरणात पाणी राखून ठेवतात आवर्तनासाठी, तसं. सकाळी सहा पन्नासला निघालो, ऊन चढायच्या आत. शाळेला उतार होता, चाकाची खुर्चीही होती. खोलीच्या दारापर्यंत खुर्चीत गेली, तिथून आत काठी आणि माझा खांदा. सव्वासातला बोटाला शाई.

अपंगत्वाच्या कार्डाबद्दल लिहायचं राहिलं होतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले आणि त्यात एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. १९९५ च्या कायद्यात सातच होते, हिचं नाव नव्हतं. कार्ड काढायला गेलो तेव्हा थंडीचे दिवस, सकाळचे दहा. ती बरी चालली. समोरचा म्हणाला, "बाई तर चालतात." दुपारी दोनला, रांगेत तीन तास बसल्यावर, उठताच येईना तेव्हा त्यानं मान वर केली. हा आजार वेळ पाहून बदलतो, हे प्रत्येक टेबलावर नव्यानं सांगावं लागतं. फायलीत आता डॉक्टरांचं पत्र वरच ठेवतो.

१४ मे

माझी पाठ धरली. तिला पलंगावरून उचलताना. उचलायचंच नव्हतं, हे फिजिओथेरपिस्ट बाईंनी दोनदा सांगितलं होतं. कमरेला पट्टा बांधायचा, तिचे पाय जमिनीवर पक्के, माझा गुडघा तिच्या गुडघ्यासमोर, एक-दोन-तीन म्हणायचं आणि तिनं उठायचं. मी फक्त तोल सांभाळायचा. मी घाईत काखेत हात घालून ओढलं. तिचा खांदा दुखावला, माझी पाठ.

आणि त्यानंतर ओरडलो तिच्यावर. का ओरडलो तर तिनं पाय टेकवला नाही म्हणून. जो पाय टेकत नाही त्यावरच. ती काही बोलली नाही, भिंतीकडे तोंड करून पडली. तासाभरानं मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही थकलात हे मला दिसतं. सांगत जा ना. मी सांगते तसं."

हे लिहायला जड जातंय, पण डायरीत चुकीची मापंही लिहायची असतात.

ठरलं असं : दुपारी दोन ते चार शेजारच्या ताई बसणार, मी दुसऱ्या खोलीत झोपणार. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी १९८५ पासून आहे, मुंबई-पुण्यात शाखा आहेत, हे वर्षानुवर्षं माहीत असून कधी फोन केला नव्हता. सांभाळणाऱ्यांनीही बोलायचं असतं हे लक्षातच आलं नाही. आज केला.

बॅक्लोफेनच्या डोसचंही आज विचारलं. पाय कमी ताठ व्हावेत म्हणून मी गोळी वाढवायच्या मागे होतो. डॉक्टर म्हणाले, तिच्या पायात ताकद कमी आहे, ती जो भार पेलते तो थोडाफार त्या ताठपणावरच. सगळा ताठपणा काढला तर पाय मऊ पडतील आणि उभंही राहता येणार नाही. आणि ही गोळी एकदम बंद करायची नाही कधी. दुकानात नसेल म्हणून एक पाकीट कायम शिल्लक.

२५ मे, नवतपा सुरू

नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. ओट्यावरचा थर्मामीटर दुपारी तीनला ४५. तिच्या खोलीत ३०. शिकवणी एप्रिलपासूनच सकाळी सातची केली आहे. मुलं कुरकुरली नाहीत, एक पेंगतो तेवढंच. पन्हं, ओला पंचा मानेवर, मनगटं थंड पाण्यात पाच मिनिटं. आंघोळीआधी खोली गार करून घ्यायची, आंघोळीनंतर वीस मिनिटं आडवं, मग दिवस.

रात्री ११.४० ला लाइट गेली. पहाटे ३.५० ला आली. इन्व्हर्टरनं साथ दिली, पण पावणेचारपासून कूलरचा पंखा मंदावला होता. पाच तासांचा कागद चार तासांवर आला. मी जागाच होतो, ती झोपली होती. सकाळी पाय चालले.

बॅटरीचं पाणी तपासणे.

२ जून, रविवार

पाण्याची बाटली रोज संपते. मार्चनंतर संसर्ग नाही. पडणं नाही. वजन-चाचणी पुन्हा केली, बोल्ट घट्ट आहेत.

आज एक नवीन गोष्ट. सकाळी आंघोळ करून आली, पलंगावर टेकली नाही. वॉकर वळवला आणि स्वयंपाकघराकडे निघाली. आईनं कढई चढवून ठेवली होती. उंच स्टूल ओढून बसली, मोहरी टाकली, तडतडू दिली, हिंग, मग हळद. हात कापला तशी थोडी हळद ओट्यावर सांडली. पॅसेजमध्ये खमंग वास आला तेव्हा मी बाथरूममध्ये गुडघ्यावर बसून कोपऱ्यात साचलेलं पाणी पुसत होतो.

तिथला उतार चुकला आहे. जाळीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढं पाणी थांबतं, आणि तिथेच तिचं डावं पाऊल पडतं. दोन टाइल काढून पुन्हा बसवाव्या लागतील. मिस्त्रीला फोन केला, बुधवारी येतो म्हणाला. तोवर त्या जागी कोरडा पंचा नको, तो सरकतो. आंघोळीनंतर लगेच मीच पुसायचं.